गाडगेबाबांचा खराटा आणि आपल्या गावचा कचरा

दुबलगुंडी (ता. हुमनाबाद, जि. बिदर) : २३ फेब्रुवारीला जयंती आणि २० डिसेंबरला पुण्यतिथी. या दोन दिवशी सीमाभागातल्या गावागावांत गाडगेबाबांच्या फोटोला हार पडतो. चौक झाडला जातो, खराटा हातात धरून फोटो निघतात, ते मोबाईलवर फिरतात. आठवडा गेला की त्याच चौकात चहाचे कप, गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या पुन्हा पडलेल्या दिसतात. नाली तुंबते. मग सगळे मिळून पंचायतीला बोल लावतात.

बाबांचा खराटा सगळ्यांना माहीत आहे. त्या खराट्यामागचा माणूस, त्याचं घर, त्याचं दुःख आणि त्याचा चोख हिशेब मात्र फारसा कुणी सांगत नाही. कचऱ्याचे नियम घरोघरी येऊन पोचलेत, अशा वेळी हे आयुष्य नीट समजून घेतलं तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

दारूनं खाल्लेलं घर

गाडगेबाबांचं खरं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. घर परटाचं. वडील झिंगराजी, आई सखुबाई. त्या काळी जातीत लग्न असो, बारसं असो की तेरावं, दारू आणि मटणाशिवाय पंगत उठत नसे. त्या चालीपायी झिंगराजी व्यसनात बुडाले. होतं नव्हतं ते गेलं आणि शेवटी जीवही गेला. डेबू तेव्हा लहान पोर होता.

सखुबाई लेकराला घेऊन माहेरी आल्या, मुर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. मामाच्या घरी डेबू गुरं राखू लागला. मोठा झाल्यावर औत धरलं. अंगात ताकद, कामाला वाघ, पोहण्यात पटाईत. गोठा झाडणं, शेण काढणं, गुरं धुणं या कामांची त्याला कधी लाज वाटली नाही. संध्याकाळी भजनाला बसायचा. शाळेचं तोंड मात्र पाहिलं नाही.

मामाची शेती सावकाराच्या कर्जात अडकली. घेतले किती, फेडले किती आणि कागदावर राहिले किती, हे घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. अंगठा उठवला की झालं. जमीन हातची जायची वेळ आली आणि मामांनी हाय खाल्ली. डेबूजी ताब्यासाठी आलेल्या सावकाराच्या माणसांसमोर शेतात उभा ठाकला, ही हकीकत वऱ्हाडात आजही सांगतात. पुढे आयुष्यभर बाबा कीर्तनातून लोकांना पोरांना शाळेत घाला म्हणून विनवत राहिले, कर्ज काढून सण करू नका म्हणून बजावत राहिले. ते बोलणं या घरातून आलेलं होतं.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली, बारशाला भाऊबंद जमले. रीतीप्रमाणे दारू-मटणाची वाट सगळे बघत होते. डेबूजींनी पानात गोडधोड वाढलं. जातीत कुरबुर झाली, नावं ठेवली गेली. पण ते हटले नाहीत. पंगतीत काय वाढायचं आणि पंगतीनंतर काय उरतं, याचा विचार त्यांच्या डोक्यात तेव्हापासून होता.

गाडगं, गोधडी आणि काठी

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे डेबूजींनी घर सोडलं. वय २८ वर्षांचं. घरात म्हातारी आई, बायको, लेकरं. हा निर्णय घरच्यांना फार जड गेला आणि त्याची किंमत कुंताबाईंनी जन्मभर मोजली, हेही सांगायला हवं. पुढची कित्येक वर्षं ते गावोगाव भटकत राहिले.

अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि एक मातीचं गाडगं. उन्हात ते डोक्यावर पालथं घालायचं, भूक लागली की त्यातच भाकर-कालवण घ्यायचं, पाणीही त्यातूनच प्यायचं. त्या गाडग्यावरून गाडगेबाबा हे नाव पडलं. कुठे गोधडेबुवा, कुठे चिंधेबुवा, कुठे लोटके महाराज अशीही नावं होती. पत्रावळ नाही, द्रोण नाही. जेवून गाडगं धुतलं की मागे काहीच उरत नसे.

फुकटचं खायचं नाही, हा त्यांचा नेम. कुणाच्या दारात गेले तर आधी लाकडं फोडून द्यायचे, अंगण झाडायचे, गोठा साफ करायचे आणि मग भाकरी मागायचे. कुणी पाया पडायला वाकलं की बाजूला व्हायचे. शिष्य केले नाहीत, मंत्र दिला नाही, गादी चालवली नाही.

गाव झाडायची त्यांची रीत

बाबा गावात शिरले की कुणाला विचारत नसत. वेशीपासून झाडायला सुरुवात. आधी रस्ता, मग पाणवठा, मग नाली. साचलेला गाळ हाताने उपसायचे. हा कोण वेडा म्हणून लोक बघायला जमायचे. मग कुणीतरी ओळखायचं, गावभर बातमी व्हायची आणि ओट्यावर बसलेली माणसं खाली उतरायची. कुणी फावडं आणायचं, कुणी टोपली. दुपारपर्यंत अर्धा गाव कामाला लागलेला असायचा.

ही रीत का लागू पडली, ते कळायला त्या वेळचं गाव डोळ्यासमोर आणावं लागतं. घाण करायची सगळ्यांनी आणि काढायची ठराविक जातींनी, असा रिवाज होता. ज्याच्या पायावर पाटील-देशमुख डोकं ठेवायला निघालेत तोच माणूस गुडघाभर गाळात उभा आहे, म्हटल्यावर पाटलाला ओट्यावर बसवत नसे. बाबांनी कुणाला शिवी दिली नाही, कुणाला दंड केला नाही. नुसती लाज जागी केली.

दिवसा गाव झाडायचं आणि रात्री माणसांची डोकी, असा त्यांचा परिपाठ. रात्रीच्या कीर्तनाला हजारोंची गर्दी व्हायची. भाषा अस्सल वऱ्हाडी. पोथी नाही, संस्कृत श्लोकांची फेक नाही. बाबा प्रश्न विचारायचे, लोक उत्तर द्यायचे आणि आपल्याच उत्तरात सापडायचे. नवसाला बोकड कापणं, सावकाराकडून पैसे काढून तेरावं घालणं, शिवाशिव पाळणं, पोरीला शाळेत न पाठवणं, सगळ्यावर कोरडा ओढायचे. सकाळी लोक उठून बघतात तर बाबा पुढच्या गावाला गेलेले.

पंढरपूरच्या वारीतही हेच चालायचं. बिदर, भालकी, हुमनाबाद हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथले वारकरीही पिढ्यान्‌पिढ्या चंद्रभागेच्या वाळवंटात जात आले. लाखभर माणूस एका वाळवंटात उतरलं की काय होतं ते कुणालाही कळेल. त्या काळात यात्रेबरोबर पटकीची साथ ठरलेली असे. लोक दर्शनाच्या रांगेत उभे असायचे आणि बाबा वाळवंटात खराटा मारत असायचे. देवळात जाऊन विठोबाच्या पायावर डोकं ठेवण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही.

पैशाला पैसा जोडून उभ्या केलेल्या इमारती

गाडगेबाबा म्हणजे फक्त खराटा, असं समजणं चूक आहे. ते मोठे बांधकाम करणारे माणूस होते. १९०८ मध्ये पूर्णा नदीवर ऋणमोचनला घाट बांधायचं काम त्यांनी हाती घेतलं. तिथं पौषात यात्रा भरते. चिखलातून, घसरत लोक पाण्यात उतरायचे. ती अडचण बाबांनी बघितली होती.

१९१७ मध्ये पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळेचं काम सुरू झालं. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना तेव्हा पंढरपुरात कुणी ओसरीवरही उतरू देत नव्हतं. विठ्ठलाचं देऊळ त्यांना उघडं झालं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. म्हणजे देवळाचं दार उघडायच्या तीस वर्षं आधी बाबांनी त्यांच्यासाठी छप्पर घातलं. पुढे ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

त्यानंतर मुर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि शाळा झाली. नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. लाखो रुपये गोळा झाले आणि लागले. स्वतः अंगठाबहाद्दर असूनही पै न् पैचा हिशेब लावायला त्यांनी विश्वासाची, शिकलेली माणसं नेमली. घरच्या माणसांना या पैशाला हात लावू दिला नाही. कुंताबाई आणि मुली साध्या झोपडीत दिवस काढत होत्या आणि बाबांच्या नावावर लाखांच्या इमारती उभ्या राहत होत्या.

१९२३ मध्ये एकुलता एक मुलगा गोविंद गेला. बाबा तेव्हा कोकणात होते, कीर्तन चालू होतं. बातमी तिथेच कळली. कीर्तन थांबलं नाही. रोज कितीतरी लोकांची लेकरं जातात, मग आपल्या एकट्यासाठी किती रडायचं, असा त्यांचा भाव होता. ऐकणाऱ्याला हे कठोर वाटतं. त्या घरातल्या आईला काय वाटलं असेल, त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं यांचा कारभार विश्वस्तांच्या हाती गेला. इथे बाबांचा व्यवहार दिसतो. एक दिवस गाव झाडता येतं. धर्मशाळा रोज झाडावी लागते. त्यासाठी माणूस नेमावा लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, उतरणाऱ्यांना नियम लावावा लागतो आणि खर्चाची वही ठेवावी लागते. खराटा मारून निघून जाणाऱ्या बाबांनी, आपण नसताना रोजचं काम कसं चालेल, याचीही तजवीज करून ठेवली होती.

कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचा जिव्हाळा होता. १९५४ मध्ये कराडला रयतचं कॉलेज निघालं, त्याला सद्‌गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं गेलं. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचं नाव कॉलेजला लागलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचाही त्यांच्याशी स्नेह होता. प्रबोधनकार ठाकरे यांनी तर बाबा हयात असतानाच त्यांचं चरित्र लिहिलं.

१९५६ : तीन तारखा

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. हैदराबाद राज्य मोडलं. बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले. हुमनाबाद, भालकी, बिदर म्हैसूर राज्यात आले. एका रात्रीत सोयरे-धायरे दोन राज्यांत वाटले गेले.

६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. बाबा तेव्हा थकले होते. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीला जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचा प्राण गेला. वय ८० वर्षांचं. अमरावतीत आज जिथे गाडगेनगर आहे तिथे त्यांची समाधी आहे. अमरावतीच्या विद्यापीठालाही आता त्यांचं नाव आहे, आणि १९९८ मध्ये पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

नाव पलीकडे, नियम अलीकडे

महाराष्ट्र सरकारने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. गावागावांत स्पर्धा लागली, बक्षिसं ठेवली गेली. निलंगा, उदगीर, उमरग्याकडच्या पाहुण्यांच्या गावातही हे वारं पोचलं. सीमेच्या अलीकडे ते अभियान नव्हतं. इथे सरकार कर्नाटकाचं, फाईल कन्नडमधली. पण कचऱ्याला सीमा कळत नाही. गुटख्याची पुडी दोन्हीकडे सारखीच पडते आणि नाली दोन्हीकडे सारखीच तुंबते.

अलीकडच्या बाजूचे नियम काय आहेत ते नीट बघितलं पाहिजे. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यानुसार रस्ते, गटारं साफ ठेवणं हे ग्रामपंचायतीचं बंधनकारक काम आहे. मार्च २०१६ मध्ये राज्याने प्लास्टिकच्या पिशव्या, ताटं, कप, बॅनर यांवर बंदी घातली. त्याच वर्षी केंद्राचे प्लास्टिक कचऱ्याचे नियम आले, ते ग्रामपंचायतींनाही लागू झाले. ८ एप्रिल २०१६ ला घनकचऱ्याचे नवे नियम आले. घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे कचरा वेगळा करायचा, रस्त्यावर किंवा नालीत टाकायचा नाही, जाळायचा नाही, पुरायचा नाही आणि गोळा करण्याचं शुल्क द्यायचं, असं त्यात होतं. शंभरावर माणसं जमणार असतील तर स्थानिक संस्थेला तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, हेही त्यात होतं. हे २०१६ चे घनकचऱ्याचे नियम मुख्यतः शहरं, गावातून शहर होत चाललेल्या वस्त्या आणि तीर्थक्षेत्रं यांच्यासाठी होते, तरी दिशा तीच होती. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे कप, ताटं, चमचे, नळ्या, थर्माकोलची सजावट देशभर बंद झाली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीलाही बंदी आली.

कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींत आता स्वच्छ वाहिनी नावाची गाडी फिरते. बऱ्याच ठिकाणी बचत गटातल्या बायका ती चालवतात आणि कचरा वेगळा करायचं कामही त्याच करतात. हसी कस, ओण कस म्हणजे ओला कचरा, सुका कचरा, हे शब्द आता मराठी घरांतही कळतात. गाडी येते, पण एकाच पिशवीत भाजीचे देठ, खरकटं, दुधाची पिशवी आणि लेकराचं डायपर बांधून दिलं तर ती बिचारी त्याचं काय करणार? एकदा खरकट्याने माखलेलं प्लास्टिक भंगारवालाही घेत नाही. मग सगळं गावाबाहेर नाल्याच्या काठावर जातं, तिथे कुणीतरी काडी लावतं आणि धूर परत गावावर येतो.

बाबांच्या काळी उकिरड्यात शेण, राख, पाला, खरकटं, पत्रावळ पडायची. वर्षभरात त्याचं खत होऊन शेतात जायचं. तेव्हा झाडणं म्हणजेच साफ करणं होतं. आताचा कचरा कुजत नाही. नुसता खराटा मारला तर घाण चौकातून उचलून वेशीबाहेर जाते, एवढंच. आता कचऱ्याचं काम खराट्याच्या आधी, स्वयंपाकघरातच सुरू करावं लागतं. जयंतीला एक तास झाडून हे होणारं नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. गाडीला डिझेल लागतं, चालवणाऱ्या बाईला पगार लागतो. घरपट्टीवर वाद, पाणीपट्टीवर वाद, त्यात कचऱ्याचे महिन्याचे पैसे म्हटलं की घरं दार लावून घेतात. हॉटेलवाला म्हणतो आमचा कचरा कितीसा, किराणावाला म्हणतो गिऱ्हाईक पिशवी मागतं. दंड लावायचा तर पंचायतीचे मेंबर मतांचा विचार करतात, कारण दंड भरणारा शेजारीच असतो. भाकरीच्या बदल्यात आधी लाकडं फोडून देणाऱ्या माणसाच्या फोटोला हार घालायचा आणि आपला कचरा उचलणाऱ्या बाईचे पैसे बुडवायचे, या दोन गोष्टी एका वहीत बसत नाहीत.

आणि फोटोचंच म्हणायचं तर जयंतीला चौकात लागणारा फ्लेक्सही राज्याच्या २०१६ च्या बंदीत येतो. बाबांचा चेहरा ज्याच्यावर छापला, तेच पावसाळ्यात नालीत अडकतं. प्रसादाची थर्माकोलची ताटं त्याच्या पाठोपाठ जातात.

बाबांनी दोन हत्यारं वापरली. गावाला लाज वाटेल अशी कृती केली आणि पैशाचा चोख हिशेब ठेवला. कायदा फक्त दंड लावू शकतो, पण त्याला हे दोन्ही मिळालं तर तो गावात उतरतो. येत्या जयंतीला फ्लेक्सऐवजी कापडी फलक, प्रसादाला स्टीलची ताटं, मंडपात दोन बादल्या आणि कचरा शुल्काची कुणाकडे किती बाकी आहे त्याची यादी पंचायतीच्या फळ्यावर, एवढं करायला सरकारी आदेशाची वाट बघावी लागत नाही. यादीत पहिली नावं पंचायतीच्या मेंबरांची असतील, तर ती आधी पुसली जावीत. बाकीचे त्यांच्याकडे बघूनच पैसे काढतील.